दहाव्या दिवसाच्या नकाशावर भिस्त नको

जीएफएस या अमेरिकन हवामान मॉडेलचा एक अंदाज-नकाशा फिरतोय, त्यात आजपासून दहाव्या दिवशी कोकणालगत चक्रीवादळ दिसतंय. पण एवढ्यात धास्ती नको. मे महिन्यात हे मॉडेल अरबी समुद्रात नसलेली वादळं बऱ्याचदा उभी करतं. मॉडेल दर सहा तासांनी नव्याने चालवतात, त्याला रन म्हणतात; सलग चार रन, म्हणजे २४ तास, वादळाची जागा आणि तारीख टिकते का ते बघा. युरोपियन एन्सेम्बलमधले (सुरुवातीची स्थिती किंचित बदलून एकाच मॉडेलने काढलेल्या अनेक अंदाजांच्या संचातले) किती सदस्य, म्हणजे किती अंदाज, तेच दाखवतात, तेही मोजा.

मग ८५० आणि २०० हेक्टापास्कल दाबाच्या पातळ्यांवरच्या, म्हणजे साधारण दीड आणि बारा किलोमीटर उंचीवरच्या, वाऱ्यांमधला फरक बघा. तो २० नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किमी) वर असेल तर समुद्र ३० अंश सेल्सिअसचा असूनही वादळ सहसा बाळसं धरत नाही. ढग एका बाजूला ढकलले जातात आणि उपग्रहाच्या सकाळच्या दृश्य (सूर्यप्रकाशातल्या) चित्रात वादळाचं खालचं केंद्र उघडं पडलेलं दिसतं. रात्रीच्या इन्फ्रारेड (ढगांचं तापमान दाखवणाऱ्या) चित्रात खालचे उबदार ढग नीट उठून दिसत नाहीत, त्यामुळे केंद्र उंच ढगांखालीच आहे असं वाटतं. फसगत होते ती इथेच.

गाफील मात्र अजिबात राहू नका. निसर्ग चक्रीवादळ १ जून २०२० ला डिप्रेशन (चक्रीवादळाआधीचा कमी दाबाचा पट्टा) होतं, ३ जूनला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. डिप्रेशन जाहीर झालं की मॉडेल बाजूला ठेवून हवामान खात्याची बुलेटिन्सच धरा.