मदत हवी आहे: पन्नाशीच्या चिनी महिलांचा गट, रोज नाच होतो पण पोट कमी होत नाही

शेवंती
नमस्कार मंडळी. चीनमधल्या सूचौ शहरातल्या एका सोसायटीतल्या ४५ ते ५८ वयाच्या बायकांसाठी १२ आठवड्यांचा आहार-व्यायामाचा आराखडा करायचा आहे. सगळ्या स्थानिक चिनी, बहुतेकींची पाळी गेलेली किंवा जायच्या बेतात. संध्याकाळी चौकात तासभर सामूहिक नाच नेमाने होतो, गोडधोड फारसं नाही, तरी कंबर हलत नाही. तीन शंका आहेत. बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आपल्याकडच्याच सीमा धरू का? स्वयंपाक तीन पिढ्यांचा एकत्र आणि सगळे मधल्या भांड्यांतून खातात, तर मोजायचं कसं? आणि नाच पुरेसा आहे का?

तांबडामाठ
आपल्या सीमा तिथे लावू नका. चीनमध्ये २४ पासून जादा वजन आणि २८ पासून लठ्ठपणा धरतात. १५८ सेंमी उंची आणि ६५ किलो वजन म्हणजे बीएमआय २६. आपल्या हिशेबाने (२५ पासून लठ्ठ) ही बाई लठ्ठ, तिथल्या हिशेबाने नुसती जादा वजनाची. तिथल्या दवाखान्याच्या कागदावर एक आणि तुमच्या तक्त्यात दुसरंच असलं की गटाचा विश्वास उडतो.

पण या वयात बीएमआयपेक्षा कंबर महत्त्वाची. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरलं की चरबी मांड्या-नितंबांकडून पोटाकडे सरकते आणि स्नायू घटतात, त्यामुळे काटा तिथेच राहूनही पोट वाढू शकतं. चिनी निकषात बायकांसाठी ८० ते ८५ सेंमी हा इशारा, ८५ आणि पुढे पोटाचा लठ्ठपणा. टेप बेंबीवर लावू नका, पोट ओघळलेलं असेल तर बेंबीही खाली गेलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, कपड्यावरून नाही, सहज श्वास सोडल्यावर मापायचं.

वाळवण
छोटीशी पण घोळ घालणारी गोष्ट: तिथे वजन बोलताना 'जिन'मध्ये सांगतात, १ जिन म्हणजे ५०० ग्रॅम. फॉर्मवर १३० लिहिलं असेल तर ते ६५ किलो. एकक आधीच छापून द्या.

मुगभजी
मोजणीचं उत्तर तेलात आहे. ताट मोजता येत नसेल तर डबा मोजा. चिनी आहार-मार्गदर्शिका (२०२२) माणशी रोज २५ ते ३० ग्रॅम तेल सांगते, प्रत्यक्षात सरासरी ४० च्या वर जाते. तिथे घरोघरी तेलाचा ५ लिटरचा कॅन येतो, म्हणजे साधारण ४.६ किलो. तिघांच्या घरात तो ५० ते ६० दिवस पुरायला हवा. महिन्यात संपला तर माणशी ५० ग्रॅम चाललंय, म्हणजे रोज सुमारे २०० कॅलरी फुकटच्या. कॅन फोडल्याची तारीख मार्करने कॅनवरच लिहायला लावा. चारचौघांत कुणाला विचारायची गरजच उरत नाही. फक्त बाहेरचं जेवण यात धरलं जात नाही, ते वेगळं लिहून घ्या.

कमी कुठे करायचं? वांगं. कढईत टाकलं की स्पंजसारखं तेल पितं आणि मग बाई अजून ओतते. त्याऐवजी ८-१० मिनिटं वाफवून, हाताने फाडून, वर लसूण, व्हिनेगर आणि एक चमचा तेल. पालेभाजी उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून वरून तेल घातलं तरी चवीत फारसा फरक पडत नाही. भाजी संपल्यावर तळाशी उरलेला रस भातावर ओतायची सवय मात्र मोडावीच लागेल, सगळं तेल-मीठ तिथेच साचतं.

मीठ रोज ५ ग्रॅमच्या आत. सोया सॉस १० मिलि घातला की जवळपास दीड ग्रॅम मीठ गेलंच, हे बऱ्याच जणी धरत नाहीत. खारट जेवणाच्या दुसऱ्या दिवशी काटा पाण्याने वर जातो आणि 'माझ्या अंगाला काही लागूच पडत नाही' सुरू होतं. म्हणून वजन आठवडाभराच्या सरासरीने बघा.

मधल्या भांड्यांचं म्हणाल, तर सुरुवातीलाच आपल्या वाटग्यात भाजी आणि मासा काढून घ्यायचे, ते अर्धे संपल्यावरच भात. नातवंडाचं उष्टं संपवणं ही आजींची खास अडचण, तो वाटगा लगेच झाकून फ्रीजमध्ये. नाश्त्याला पांढरी पेज, मांथौ (वाफवलेला मैद्याचा पाव) आणि लोणचं असेल तर प्रथिनं जवळजवळ नाहीतच. एक अंडं आणि ३०० मिलि दूध किंवा बिनसाखरेचं सोयादूध जोडा, पेजेत ओट किंवा लाल चवळीसारखी कडधान्यं मिसळा.

६५ किलोच्या बाईला दिवसाला किमान ६५ ग्रॅम प्रथिनं हवीत. अंडं ६, दूध ९, १०० ग्रॅम तोफू सुमारे १०, १२० ग्रॅम मासा किंवा बिनचरबीचं मांस २२, उरलेली धान्यांतून.

तांबडामाठ
नाचाबद्दल: चांगला आहे, बंद करू नका. पण ६५ किलोच्या बाईचे तासभरात बसून राहण्यापेक्षा जेमतेम २०० कॅलरी जास्त जळतात. नाचानंतर गप्पा मारत सूर्यफुलाच्या बिया फोडल्या की ३५ ग्रॅम गरात हिशेब फिटला. (फिटतोच, त्या बिया थांबवता येत नाहीत.) शिवाय सावकाश गाण्यांचे नाच मध्यम व्यायामातही बसत नाहीत. कसोटी सोपी आहे: बोलता यावं, गाता येऊ नये.

खरी उणीव ताकदीच्या व्यायामाची. आठवड्यातून दोनतीनदा, मध्ये एक दिवस सोडून, १५-२० मिनिटं: हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं १० चे ३ फेरे, भिंतीला दंड, रबरी पट्टा मागे ओढणं, टाचा उचलणं. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्या. आणि फरशीवर नाचताना पाय जमिनीवरच ठेवून अंग वळवू देऊ नका, गुडघ्यावर पीळ तिथे बसतो.

अपेक्षाही आधीच सांगून ठेवा. हाँगकाँगमधल्या ५४३ जणांच्या, २०२१ साली छापलेल्या चाचणीत पन्नाशीपुढच्या पोट सुटलेल्यांनी १२ आठवडे, आठवड्यात तीनदा तासभर ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) केलं. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत कंबर सरासरी १.८ सेंमीने कमी झाली. नुसत्या व्यायामाने एवढंच होतं.

शेवंती
खूप आभार. कॅनची युक्ती झकास! दोघीतिघींना रात्रीचं जेवण पूर्ण बंद करायचंय. चालेल?

मुगभजी
२०२४ ची चिनी लठ्ठपणा आहार-मार्गदर्शिका संध्याकाळी ५ ते ७ मध्ये जेवा आणि पुढे फक्त पाणी घ्या म्हणते, जेवण गाळा असं नाही. तिन्ही जेवणांची वाटणी ३:४:३. नाच सातला असेल तर साडेपाचला हलकं जेवण बसतं. सहा महिन्यांत ५ ते १० टक्के घट पुरे, फार झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

तांबडामाठ
आणि त्या दोघीतिघींपैकी कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर जेवण गाळायला आधी डॉक्टरांची परवानगी, साखर एकदम उतरू शकते. सुरुवातीलाच सगळ्यांचा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातली चरबी आणि थायरॉइड तपासून घ्या. बीएमआय २८ च्या पुढच्यांना थेट वजन-नियंत्रणाच्या ओपीडीत पाठवा. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने तीन वर्षांची वजन-मोहीम सुरू केल्यापासून बऱ्याच सरकारी रुग्णालयांत अशा ओपीडी निघाल्या आहेत.