इमर्जन्सी ऑपरेशननंतर मन ताळ्यावर येत नाहीये, मदत हवी आहे

लिहू की नको करत शेवटी लिहितेय.

रात्री एकदम पोटात उजवीकडे कळ आली, आधी वाटलं गॅस असेल, मग उलट्या, मग सरळ उभंच राहता येईना. सोनोग्राफीत कळलं की ओव्हरीवर मोठी सिस्ट होती आणि ओव्हरीला पीळ बसून तिचा रक्तपुरवठा बंद पडत चाललाय. "वाचवता आली तर वाचवू, नाहीतर काढावी लागेल" म्हणत फॉर्म पुढे केला, मी कळा सोसत कशीबशी सही केली. बोटाला क्लिप लावायची म्हणून नर्सने एकाच नखाचं नेलपॉलिश खसाखसा पुसलं, हे मात्र लख्ख आठवतंय. त्यापुढचं थेट रिकव्हरी रूममधलं. शुद्ध आल्याआल्या विचारलं, काढली का? तर म्हणे डॉक्टर येऊन सांगतील. तेवढ्यावरच कळलं मला.

आता दीडेक महिना होत आला. दुर्बिणीतून केलं त्यामुळे टाके इवलेसे, ते भरले, पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदे भरून यायचे तेही सुरुवातीच्या दिवसांतच थांबलं. कामावर जायला लागलेय. पण रात्री बरोबर त्याच सुमाराला जाग येते, डावीकडे जरा टोचलं की वाटतं आता हीपण गेली, आणि सॅनिटायझरचा वास आला तरी छातीत धडधडतं. पुढच्या चेकअपची तारीख काहीतरी कारण काढून ढकलतेय.

बोलायला जावं तर सगळ्यांचं एकच, जिवावरचं शेपटीवर निभावलं! सासूबाई तर अगदी मायेने म्हणतात. एका ओव्हरीवर पाळी येते, मूलही होऊ शकतं हे डॉक्टरांनी नीट समजावलंय, मान्य आहे हो सगळं, पण माझ्या शरीरातलं काहीतरी गेलं त्याचं वाईट वाटायचीसुद्धा चोरी झालीये. नवरा तर विषयच टाळतो, मग मी भलत्याच गोष्टीवरून त्याच्यावर खेकसते आणि बाथरूममध्ये जाऊन रडते.

कुणाला असं झालंय का? आपोआप जातं का हे, की कुणाला दाखवायला हवं? आणि नवऱ्याशी बोलायचं कसं?

प्रतिसाद १
माझं अपेंडिक्स फुटलं होतं तेव्हा सेम. ठरवून केलेल्या ऑपरेशनला मनाची तयारी करायला वेळ तरी मिळतो, इथे सगळं उरकल्यावर मन मागून धापा टाकत येतं. मला कशाचा उपयोग झाला सांगू, डिस्चार्ज पेपर घेऊन डॉक्टरांसमोर बसले आणि म्हटलं, मी बेशुद्ध असताना काय काय केलंत ते क्रमाने सांगा. मधलं रिकामं होतं तिथेच मन काहीबाही भरत होतं. तुम्ही डाव्या ओव्हरीचंही विचारा, तिच्यावर सिस्ट आहे का, पुन्हा सोनोग्राफी कधी. एकट्या जाऊ नका. मिस्टरांना न्या, बाहेर बसून त्यांनीही ती रात्र काढलीये, घाबरले असतील तेही. विषय टाळतात तो बहुतेक त्यामुळेच.

प्रतिसाद २
पहिले काही आठवडे रडू येणं, चिडचिड, झोप उडणं हे बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू ओसरतं. पण महिना उलटूनही प्रसंग डोळ्यासमोर येणं, दचकणं, दवाखाना टाळणं चालूच असेल तर सायकियाट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवाच, पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मनात घर करून राहणारा त्रास) फक्त सैनिकांना होतो असं नाही. त्यावर ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर बोलून काम करणारी थेरपी), ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत त्या आठवणींवर काम करणारी थेरपी) असे उपचार आहेत, गोळ्या लागतीलच असं नाही. मात्र जगणं नकोसं वाटायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच घरच्यांना सांगून मदत घ्या. आणि एक, डावीकडे पुन्हा तशीच जोरात कळ आणि उलट्या झाल्या तर "मनाचे खेळ" म्हणून घरी थांबू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

धागाकर्ती
थँक्यू दोघांनाही. चेकअपची वेळ घेतली आत्ताच, नवऱ्याला नुसता मेसेज टाकलाय की तू पण आत यायचंस. "हो" आलंय.