टाकीमागं टिटवीची अंडी

ए-२०३ : (फोटो) टाकीमागच्या मुरमावर टिटवीनं अंडी घातलीत. चार आहेत. दोन दिवसांपासून ओरडायली होती ती यासाठीच. गॅलरीतून काढलाय, झूम ताणल्यामुळं फोटो फुटलाय.

सी-१०१ : काका, कुठंयत? मला नुसते खडेच दिसायलेत!

ए-२०३ : मधोमध बघ बेटा. मातकट, वर काळे ठिपके.

बी-३०४ : पोरांना घेऊन खाली जाऊ का? जवळून चांगला फोटो येईल.

डी-४०२ : काकू, हात जोडून सांगते, जाऊ नका. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्यावरच अंडी घालते. सध्या आपल्या लातुरात दुपारी पारा ४० च्या वर जायलाय. असल्या उन्हात ती ऊब द्यायला नाही, सावली धरायला अंड्यांवर बसते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. आपण फोटोसाठी १० मिनिटं उभं राहिलो तर ती १० मिनिटं अंडी उन्हात. वर कावळे टपलेलेच असतात.

बी-३०४ : अगं बाई, हे माहीतच नव्हतं. नाही जात.

डी-४०२ : पोरांना माझ्या गॅलरीत पाठवा. सकाळी ७ च्या आत ऊन तिरपं असतं, ठिपके उठून दिसतात. मोबाईल कठड्यावर टेकवायचा, लेन्स पुसायची, झूम करायचा नाही, नंतर क्रॉप करायचं. हा आज पहाटेचा. (फोटो) पोट ओलं दिसतंय बघा.

ए-२०३ : काय फोटो आलाय ताई! डोळ्यापुढची लाल कातडीसुद्धा स्पष्ट आहे.

सेक्रेटरी : फोटो छान, पण उद्या ११ ला टँकर आहे. तो तिथूनच रिव्हर्स घेतो.

ए-२०३ : मग गेटजवळ थांबवू. पाइप पुरत नसेल तर माझ्याकडं ५० फुटी पडलाय, तो जोडू.

सी-१०१ : असं किती दिवस चालायचं? पाण्याचं कुणी अडवू नका एवढंच.

डी-४०२ : अंडी फुटायला २८ ते ३० दिवस लागतात. पिल्लं लगेच चालायला लागतात, मग जागा मोकळी. पाणी थांबणार नाही दादा, पाइप धरायला मी स्वतः येते.

बी-३०४ : आमच्या सासूबाई विचारायल्यात, अंडी उंचवट्यावर आहेत का सखलात? उंचावर असली तर पाऊस चांगला, असं त्यांच्या गावी मानतात.

ए-२०३ : उंचवट्यावर आहेत, सांगा त्यांना.

सेक्रेटरी : ठीक आहे. वॉचमनला चार विटा ठेवायला सांगतो, लांबून. टँकरवाल्याला आत्ताच फोन करतो.

(सोमवार, ११:४०)

सी-१०१ : (फोटो) टँकर गेटपाशी लागला, टाकी भरायली. पहिल्या मजल्याच्या जिन्यातून काढलाय. ती जागची हललीसुद्धा नाही.