शब्दचर्चा : 'लिलाव', 'हराजी' की 'बोली'?

दांडिया बाजार, बडोदे

मंडळी, एका शब्दावर तुमचं मत हवं आहे. शब्द 'लिलाव'. कारण घरातलं आहे, म्हणून आधी ते सांगते.

माझा भाचा चौदा वर्षांचा. तो जिथे क्रिकेट शिकतो तिथे सुट्टीत मुलांचे संघ पाडून लीग खेळवली. संघ पाडताना अगदी आयपीएलसारखा घाट घातला: प्रत्येक कप्तानाला हजार गुण, फळ्यावर सगळ्या मुलांची नावं आणि एका सरांच्या हातात लाकडी हातोडी. संध्याकाळी भाचा घरी आला, बूटही न काढता जिन्यावर बसला आणि म्हणाला, "आत्या, मी अनसोल्ड." फळ्यावर त्याच्या नावापुढे खडूनं मोठा 'यू' काढला होता. माझ्या आईनं विचारलं, "म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "मला कुणी विकत घेतलं नाही, आजी." आई थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "माणसाला विकत घेतात का?"

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. 20 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत आयपीएलच्या खेळाडूंसाठी पहिल्यांदा हातोडी वाजली, धोनीला चेन्नईनं 15 लाख डॉलरना घेतलं, आणि मराठी वर्तमानपत्रांत 'लिलाव' रुळला. पण आपल्याकडे लिलाव म्हटलं की काय आठवतं? जप्ती, सावकार, दारात मांडलेली भांडीकुंडी. 'त्यांच्या घराचा लिलाव झाला' हे वाक्य आवाज खाली करून बोललं जातं. शब्द मूळचा पोर्तुगीज, 'लेलाव'वरून आलेला. हिंदीतलं 'नीलाम' त्याचंच भावंड. आमच्या इथली गुजराती वर्तमानपत्रं 'हराजी' लिहितात, तो फारसी-अरबी 'हराज'. विदर्भात त्याचाच 'हर्रास' होतो. या सगळ्या शब्दांत माणूस वस्तूच्या रांगेत जाऊन बसतो असं मला वाटतं. तुमचं काय मत?

रावपुरा

ताई, मी पस्तीस वर्षं धान्याच्या आडतीवर काढली. रोज सकाळी हराजी. त्या शब्दात आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. उलट, हराजी म्हणजे उघड्यावर, चारचौघांच्या देखत ठरलेला भाव. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जी जुनी पद्धत होती, तिच्यात शेतकऱ्याला कळायचंच नाही कोण किती द्यायला तयार होतं ते. खेळाडूच्या बाबतीतही हेच. 2008 च्या आधी रणजी खेळणाऱ्या पोराची किंमत कोण करत होतं? आपल्या मांडवीतल्या युसूफ पठाणला राजस्थाननं त्या पहिल्या वर्षी 4,75,000 डॉलरना घेतलं. 1 जूनच्या अंतिम सामन्यात त्यानं 22 धावांत 3 बळी घेतले, 56 धावा केल्या आणि सामनावीर ठरला. 2011 मध्ये कोलकात्यानं त्याच्यासाठी 21 लाख डॉलर मोजले. हे उघड्या बाजारात झालं म्हणून झालं. शब्द कडू असेल, पण त्यातला व्यवहार चोख आहे.

एक मात्र तुमच्या आईंचं खरं. आडतीवर हराजी संपली की पोतं घेणाऱ्याचं होतं. इथे खेळाडू कुणाचा होत नाही, ठरावीक हंगामांसाठी त्याच्या खेळाचा करार होतो. लिहिताना 'अमुक खेळाडू इतक्या कोटींना विकला गेला' असं लिहितात, तिथे चूक आहे.

इंदूरकर

नमस्कार ताई, नमस्कार काका. मी इंदुरातून लिहितो. आमच्याकडची मराठी माळव्याच्या पाण्यात भिजलेली, तेव्हा शुद्धाशुद्धाचं काही म्हणणार नाही, पण एक जुना शब्द पुढे ठेवतो: 'पदरी'.

आमच्या घरी म्हाताऱ्यांच्या तोंडी वाक्य असायचं, 'सी. के. होळकरांच्या पदरी होते.' कर्नल सी. के. नायडू नागपूरचे, पण होळकरांच्या फौजेत हुद्दा आणि होळकर संघाचं कप्तानपद. तुमच्याकडेही तेच. विजय हजारे सांगलीचे, बडोद्याच्या पदरी. मार्च 1947 मध्ये रणजीचा अंतिम सामना तुमच्या बडोद्यातच झाला, होळकर विरुद्ध बडोदे. त्यात हजारे 288, गुल महंमद 319 आणि चौथ्या गड्यासाठी दोघांची 577 धावांची भागी. कुठल्याही गड्यासाठी तो जगातला विक्रम 2006 पर्यंत टिकला. दोन्ही बाजूंना मराठी संस्थानं आणि दोन्हीकडे बाहेरगावाहून बोलावून आणलेले खेळाडू! म्हणजे बाहेरचा गुणी खेळाडू आपल्या शहरासाठी आणणं ही काही 2008 ची गोष्ट नाही. फक्त तेव्हा त्याला विकत घेणं म्हणत नसत. पदरी ठेवणं म्हणत. त्यात पगार होता, हुद्दा होता आणि म्हातारपणाची सोयही बहुधा होती.

हा शब्द आज चालणार नाही हे मला कळतं. पदर राजाचा असतो. संस्थानं विलीन झाली, तसा तो पदर सुटला. पण आयपीएलच्या पहिल्या वर्षी त्याची एक सावली होती. सचिन, गांगुली, द्रविड, सेहवाग, युवराज या पाचजणांवर हातोडी वाजलीच नाही. ते आपापल्या शहराचे 'आयकॉन', आणि संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा 15 टक्के जास्त मानधन. मुंबईनं सचिनला बोलीवर मिळवावं हे तेव्हा कुणाच्या मनाला पटलं नसतं.

आणि 'अनसोल्ड'बद्दल. तुमच्या भाच्याला आमच्या रजत पाटीदारची गोष्ट सांगा. 2022 ला त्याचं नाव पुकारलं आणि कुणी हात वर केला नाही. हंगाम सुरू झाल्यावर बेंगळुरूचा एक खेळाडू जखमी झाला, त्याच्या जागी पाटीदारला 20 लाखांवर बोलावलं. 25 मे ला ईडन गार्डन्सवर लखनऊविरुद्ध नाबाद 112. आणि 3 जून 2025 ला अहमदाबादेत बेंगळुरूनं पहिल्यांदा करंडक उचलला तेव्हा कप्तान तोच.

दांडिया बाजार, बडोदे

दादा, पाटीदारची गोष्ट भाच्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "हो, मला माहीत आहे," पण दोनदा वाचायला लावली.

तुमच्या उत्तरात तुम्ही सहज 'बोलीवर मिळवावं' असं लिहून गेलात. तिथेच मी थांबले. मला हवा होता तो शब्द हाच.

'बोली'चे मराठीत तीन अर्थ. एक, भाषा: वऱ्हाडी बोली, आपली बडोद्याची बोली. दुसरा, किमतीची हाक: 'बोली लावली', 'बोली चढली'. तिसरा अर्थ आपण विसरत चाललो आहोत: ठराव, अट. 'अशी बोली नव्हती आपली', 'बोलीप्रमाणे पैसे दिले', 'लग्नाच्या वेळी तशी बोली झाली होती.' या तिसऱ्या अर्थात दोन बाजू असतात, दोघांनीही शब्द दिलेला असतो. वस्तूशी कुणी बोली करत नाही, माणसाशीच करतो. काका म्हणतात तो उघडा भाव दुसऱ्या अर्थात आहे आणि त्यांनीच सांगितलेला करार तिसऱ्यात. 'खेळाडूंची बोली' म्हटलं की दोन्ही एका शब्दात येतात.

आणि 'विकला गेला नाही'च्या जागी 'बोली लागली नाही'. फरक लहान आहे, पण उणेपण पोराच्या अंगावरून उठतं. बोली लावणारे त्या दिवशी गप्प राहिले, एवढंच त्यात राहतं.

मोतीबाग

ताई, 'बोली' मान्य. मात्र ती खेळाडूंपुरती. मला 'फ्रँचायझी'चं भाषांतर टोचतं. सगळे 'संघमालक' लिहितात. मालक कसले?

24 जानेवारी 2008 ला आठ शहरांचे संघ चालवायचे हक्क बोलीनं दिले गेले, मुंबईसाठी सर्वांत जास्त, 11 कोटी 19 लाख डॉलर. ही रक्कम एकदम भरायची नव्हती, दहा वर्षांत हप्त्यानं. दहा वर्षं झाल्यावर ठरीव हप्ता जाऊन उत्पन्नाचा हिस्सा क्रिकेट बोर्डाला द्यायचा, पाचवा भाग. बँकेची हमी दिली नाही की हक्क जातो. 2011 ला कोची, 2012 ला डेक्कन, 2013 ला पुणे वॉरियर्स. तिघांचेही हक्क बोर्डानं काढून घेतले आणि तिन्ही वेळा भांडण हमीपाशीच आलं. वरच्या सत्तेनं दिलेला, ठरीव भरणा करून चालवायचा आणि भरणा चुकला की जाणारा हक्क. याला आपल्या जुन्या कारभारात नेमका शब्द आहे: मक्ता. तो घेणारा मक्तेदार. 'मक्तेदारी'मुळे शब्द बदनाम झाला हे खरं, पण अर्थ चपखल बसतो.

आयपीएलच्या आधी 2007 मध्ये निघालेल्या इंडियन क्रिकेट लीगशी ताडून पाहा. तिथे मक्ता नव्हता आणि बोलीही नव्हती. सगळे संघ एकाच कंपनीचे, खेळाडू तिच्याच करारावर. आपले किरण मोरे तिकडे गेले होते, पुढे बडोद्याकडून खेळलेला अंबाती रायुडूही. बोर्डानं त्यांना बाहेर ठेवलं, 2009 मध्ये खेळाडूंना परत घेतलं. ती लीग दोन वर्षांत आटोपली. बोर्डानं मात्र एकाच खिशातून सगळे संघ चालवले नाहीत. शहरं मक्त्यानं दिली आणि पैसा दुसऱ्यांनी ओतला. सगळी वाढ त्या एका फरकातून झाली असं माझं मत आहे. 2023 ते 2027 च्या प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटींना गेले, त्यातला वाटा मक्तेदारांना मिळतो. त्याआधीच, 2021 मध्ये, लखनऊच्या मक्त्याला 7,090 कोटींची बोली लागली होती.

रावपुरा

'मक्ता' पटला. 'इजारा' म्हणणार होतो, पण इजाऱ्याला मुदत असते, हा तर पुढे चालूच राहतो.

माझी एक तक्रार 'अदलाबदल'वर. नोव्हेंबर 2023 मध्ये आपला हार्दिक पंड्या गुजरातकडून परत मुंबईकडे गेला, तेव्हा बातमीत 'अदलाबदल'. मुंबईकडून गुजरातला कोण आलं? कुणीच नाही, पैसे आले. आडतीवर ज्वारीच्या बदल्यात गहू दिला तर अदलाबदल. हे 'हस्तांतर'.

इंदूरकर

'राइट टू मॅच'ला काय म्हणाल? आधीच्या संघानं शेवटची बोली तेवढीच भरून खेळाडू राखायचा, हा हक्क. जमिनीच्या कायद्यात याला 'अग्रक्रय' म्हणतात, पण ते कानाला जड. नोव्हेंबर 2024 मध्ये ऋषभ पंतवर लखनऊची बोली 20 कोटी 75 लाखांवर थांबली, दिल्लीनं हा हक्क पुढे केला. तेव्हाच्या नव्या नियमानं लखनऊला आणखी एकदा भाव चढवायची मुभा होती. त्यांनी थेट 27 कोटी सांगितले आणि दिल्लीनं हात मागे घेतला.

दांडिया बाजार, बडोदे

दादा, 'राखणहक्क' कसा वाटतो? 'रिटेन'ला आपण राखणं म्हणतोच.

'पर्स'ला, म्हणजे संघाला बोलीत खर्चता येणाऱ्या रकमेला, कुणी 'थैली' सुचवेल म्हणून आधीच सांगते: मराठीत थैली अर्पण करतात. लोकमान्यांना साठीला लाख रुपयांची थैली दिली होती. तो मानाचा शब्द बाजारात नको. खर्चाची मर्यादा आहे, तर 'खर्चमर्यादा'.

14 फेब्रुवारी 2025 ला बडोद्याजवळच्या कोटंबीच्या नव्या मैदानावर महिलांच्या लीगचा पहिला सामना होता, तो बघायला मी भाच्याला घेऊन गेले होते. गुजरातच्या 201 धावा बेंगळुरूनं चार गडी गमावून ओलांडल्या, रिचा घोष नाबाद 64. बेंगळुरूची कप्तान स्मृती मानधना, हजाऱ्यांसारखीच सांगलीची. 2023 च्या पहिल्या बोलीत तिच्यासाठी 3 कोटी 40 लाख मोजले गेले, त्या वेळी सर्वांत जास्त. शेजारी बसलेल्या एका बाई मराठीत मुलीला समजावत होत्या, "सर्वांत मोठी बोली हिच्यावर लागली होती." त्यांच्या तोंडी 'विकली गेली' आलं नाही. मुलीबद्दल बोलताना मराठी जीभ तिथे आपोआप अडखळते. मग मुलग्याबद्दलही अडखळू दे.

काल शिकवणाऱ्या सरांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं. उरलेल्या सहा मुलांना दुसऱ्या फेरीत संघ मिळणार आहेत, तोपर्यंत त्यांच्या नावापुढे काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बोली बाकी." त्यांनी ओल्या फडक्यानं सहाही 'यू' पुसले आणि खडू माझ्याच हातात दिला.