ईएसआर चढला म्हणजे आजार उलटला असे नव्हे

सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन) उतरला तरी ईएसआर (तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात याचे माप, तेही दाहात वाढते) ९० वरच आहे, म्हणजे कावासाकी आजार (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांचा दाह) आटोक्यात आलेला नाही, असे एका पालकांनी लिहिले आहे. त्यांची काळजी समजते. निष्कर्ष मात्र पटत नाही. या आजारात शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचे प्रथिन, देतात (वजनाच्या दर किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे लहान जिवाला बरेच) आणि त्या प्रथिनामुळेच तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नळीत लवकर खाली बसतात, त्यामुळे ईएसआर फुगलेला दिसतो. म्हणून त्यानंतर सगळी भिस्त सीआरपीवर आणि त्याहूनही अधिक तापावर असते. इम्युनोग्लोब्युलिन संपल्यावर ३६ तासांनीही ताप असेल, तर मात्र डॉक्टर पुढच्या उपचारांचा विचार करतात.

पण उतरलेल्या सीआरपीवरही विसंबू नये. माझ्या भाच्याच्या बोटांच्या टोकांची साल निघू लागली, तेव्हा ताप जाऊन आठवडा झाला होता आणि तो घरभर धावत होता. तरी त्याचे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चढून ८ लाखांवर पोहोचले होते. हृदयाच्या रोहिणीला फुगवटा आलेला असेल, तर त्यात गुठळी होण्याची भीती नेमकी याच काळात असते, आणि तो फुगवटा रक्ताच्या तपासणीत नव्हे, इकोतच (हृदयाच्या सोनोग्राफीतच) दिसतो.