नवी चूल रुळवताना तुमचं काय काय झालं?

गेल्या महिन्यात माझी नवी चूल तिसऱ्याच दिवशी फुटली. नुसती तडकली असती तर गप्प बसले असते. आत बाभळीचं मनगटाएवढं लाकूड, वर डाळीचं पातेलं, आणि वैलाच्या, म्हणजे चुलीला जोडलेल्या छोट्या तोंडाच्या, बाजूचा पापुद्रा फट्‌कन उडून थेट माझ्या पायाशी आला. पातेलं कलंडलं. डाळ चुलीत, चुलीची माती डाळीत.

मी बावीस वर्षं पुण्यात गॅसवर स्वयंपाक केलेली बाई. यंदा आम्ही अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी राहायला आलो आणि मागच्या शेडखाली चूल घालायची हौस आली. सासूबाई असत्या तर त्यांना विचारलं असतं. त्या गेल्या आणि चुलीची सगळी विद्या बरोबर घेऊन गेल्या. मी मात्र त्या होत्या तोवर दर सुट्टीत त्यांना चुलीपुढून उठवायच्याच मागे होते.

माती शेतातली घेतली, काळी. एप्रिलचं ऊन, दोन दिवसांत वरून दगडासारखी टणक लागली. पाहुणे येणार होते म्हणून पेटवली. पुढचं सांगितलंच.

तर तुम्ही नवी चूल कशी घातली, किती दिवसांनी पेटवली, पहिल्यांदा आत काय घातलं? मातीचीच पाहिजे असं नाही. लोखंडी असो, धुराड्याची असो, रानातली तीन दगडांची असो. फजिती झाली असेल तर ती आधी सांगा, म्हणजे मला जरा बरं वाटेल.

औसा

ताई, "शेतातली काळी" म्हणालात तिथंच कळलं. उन्हाळ्यात रानात पाय अडकतील एवढ्या भेगा पडतात, त्या ह्याच मातीला ना? पाणी पिली की फुगती, वाळली की आखडती. तिची चूल टिकत नाही. आमच्याकडं पांढरीची, म्हणजे गावठाणातली पांढरी माती घेतात. जुन्या पडक्या भिंतीची मिळाली तर फारच चांगलं.

मी करते तसं सांगते. दोन घमेली पांढरी माती चाळून घ्यायची, खडा राहू द्यायचा नाही. त्यात अर्धं घमेलं शेण आणि गव्हाचा बारीक भुसा. दोन रात्री भिजत ठेवायचं आणि मग पायानं तुडवायचं. पुरं तुडवलं का नाही ते असं बघायचं: बोटाएवढी वळी करून वाकवायची. मोडली तर अजून तुडवा, हाताला चिकटली तर भुसा घाला. चुलीचं अंग चार बोटं जाड ठेवायचं. वरची तीन थानं, म्हणजे पातेलं टेकतं ते उंचवटे, दोन बोटं उचललेली पाहिजेत, नाहीतर पातेलं बुडाला चिकटून बसतं, जाळाला श्वास मिळत नाही आणि सगळा धूर तोंडावर येतो.

आता मुख्य गोष्ट, वाळवण. तुम्ही उन्हात वाळवली ती चूक. वरचं अंग झटक्यात वाळतं, आत ओल तशीच राहते. सावलीत ठेवायची आणि पहिले तीन दिवस ओलं पोतं टाकायचं. दहा दिवस तरी द्यायचे. वाळली का हे डोळ्यानं बघू नका. पहाटे उठून चुलीच्या पोटात हाताची उलटी बाजू लावा. गार लागली तर ओल आहे.

मग पहिल्या दिवशी अर्धी गोवरी, तीही धुमसती, जाळ नाही. दुसऱ्या दिवशी एक. मग दोन-तीन दिवस मूठ मूठ तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या. ह्या वेळेला चुलीला बाहेरून घाम येतो, अंग ओलं दिसतं. घाबरायचं नाही, पण त्या दिवशी जाळही वाढवायचा नाही. आतल्या पाण्याची वाफ होती, तिला सावकाश निघू द्यावं लागतं. तुमच्या चुलीतल्या वाफेला वाट मिळाली नाही, म्हणून तिनं पापुद्रा उडवून वाट केली. बाभूळ आठव्या दिवशी.

सेलू

वरच्या ताईंचं सगळं पटलं, फक्त शेण एवढं नको. शेण आतल्या आत जळून जातं आणि चूल भुसभुशीत होते. आमची आजी वारुळाची माती मिसळायची, लोण्यासारखी बारीक आणि चिकट असते. टोपलं घेऊन मला पाठवायची. एकदा वारुळाचा मालक घरीच होता. तेव्हापासून आमच्याही चुलीला पांढरीच.

परभणी

आमच्याकडं मातीवरून भांडण नव्हतं, मुहूर्तावरून होतं. वास्तुशांतीच्या दिवशी नव्या चुलीवर दूध उतू गेलंच पाहिजे, हा आईचा हट्ट. चूल घातलेली चार दिवसांपूर्वी, तीही पावसाळी हवेत. मी म्हटलं, फुटेल. आई म्हणाली, दूध उतू न जाता घरात स्वयंपाक झाला तर घरच फुटेल. बायको दोघांकडं बघत उभी. आत गुरुजी घाई करतायत.

शेवटी आमच्या आत्यानं तोडगा काढला. ती म्हणाली, पातेलंभर दूध उतू गेलं पाहिजे असं कुठं लिहिलंय? तिनं स्टीलची वाटी घेतली, काठोकाठ दूध भरलं आणि चुलीच्या तोंडाशी एकच पेटती गोवरी ठेवून तिच्यावर वाटी मांडली. तीन-चार मिनिटांत दूध वर आलं आणि सांडलं. चुलीला हळदीकुंकू लागलं, आईचं समाधान झालं. स्वयंपाक आचाऱ्यानं मांडवात गॅसवर केला. चूल पुढं आठवडाभर पोत्याखाली गप्प पडून होती.

अजूनही ठणठणीत आहे.

किल्लारी परिसर

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना भूकंप झाला. आमच्या भागातली घरं दगडमातीची, दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं सपाट छप्पर, माळवद. आम्ही वाचलो कारण आम्ही ओसरीला होतो. बाकीचं इथं सांगत नाही.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. बाहेरून अन्नाची पाकिटं यायची, देणाऱ्यांनी मनापासून दिलं. पण एक दिवस वडील म्हणाले, भाकर पाहिजे. म्हणून आईनं चूल घालायला घेतली.

माती म्हटली तर पायाखाली सगळीकडं होती. पडलेल्या भिंतींचीच. आई तिला हात लावायला तयार नव्हती. म्हणाली, ह्या मातीनं माणसं घेतली, तिच्यावर भाकर कशी भाजू? वडिलांनी तेरणेच्या काठचा गाळ आणला. त्यात वाळू फार. चूल उभी राहिली, पण दोन दिवसांत कडा ढासळायला लागल्या. मग शेतातली काळी आणली. तिचं काय झालं ते ह्या ताईंनी वर लिहिलंच आहे.

शेवटी माझी आजी उठली आणि कुणाला न सांगता आमच्याच घराच्या ढिगाऱ्यातून दोन घमेली माती घेऊन आली. चाळली, भिजवली, तुडवली आणि चूल घालून टाकली. भिंतीत मुरलेली जुनी माती, भुसा आत पहिल्यापासूनच होता. एक भेग गेली नाही. बारा दिवस वाळू दिली आणि माळवदाच्या तुळईच्या ढलप्या घालून थोडी थोडी तापवली.

आईच्या ते लगेच लक्षात आलं, कारण चुलीच्या डाव्या अंगात निळीच्या चुन्याची नखाएवढी खपली राहून गेली होती. तो रंग आईनंच दिलेला होता. ती बराच वेळ तिथं बसून होती. खपली तिनं काढली नाही. फडकं भिजवलं आणि तिच्यावरूनच पोतेरं फिरवलं.

छत्रपती संभाजीनगर

एवढं वाचल्यावर आमच्या गच्चीवरच्या लोखंडी चुलीबद्दल लिहायला लाज वाटतेय, पण विचारलंय म्हणून लिहितो.

कारखान्यातून आलेली काळी रंगवलेली चूल, जळणाला खालून तोंड, आत उभं नळकांडं. आणली त्याच संध्याकाळी वांग्याचं भरीत करायला बसलो. दहा मिनिटांत चुलीच्या अंगातून निळसर धूर आणि उग्र वास यायला लागला. शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. वांगं रंगाच्या डब्यात भाजल्यासारखं लागत होतं. टाकून दिलं.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "साहेब, रंग भाजायचा राहिला." असल्या चुलींचा उष्णता सोसणारा रंग जाळावरच पक्का होतो. म्हणून पहिल्यांदा ती उघड्यावर, वर काहीही न ठेवता पेटवायची: आधी अर्धा तास मंद, मग गार होऊ द्यायची, मग जरा जोरात, शेवटी चांगली धगधगीत. रंग तेव्हा थोडा मऊ होतो, हात लावला तर ठसा उमटतो. माझ्या मुलाचा अंगठा त्या चुलीवर कायमचा आहे. त्यानंतर वास आला नाही.

जाता जाता, कुणी तांब्याचा नवा बंब घेतला असेल तर त्याचा नियम उलटा. तो रिकामा कधीही पेटवायचा नाही. आधी गळ्यापर्यंत पाणी, मग जाळ. नाहीतर डाग दिलेले जोड सुटतात आणि बंब पहिल्याच दिवशी गळायला लागतो.

नांदेड

मी गवंडी. 80-90 च्या दशकात सरकारच्या सुधारित चुलींच्या कार्यक्रमात निर्धूर चूल बसवायला शिकलो आणि गावोगाव बसवल्या. साच्यात माती ठोकायची, मागून सिमेंटचा पाइप छपराच्या वर काढायचा.

नव्या धुराड्याची एकच खोड. ते गार असतं तोवर ओढत नाही. बाई पहिल्यांदा चूल पेटवायची, सगळा धूर उलटा घरात, आणि शिव्या मला. मग मी शिकलो: आधी पाइपाच्या बुडाशी झाडायचं जे भोक असतं त्यात कडब्याची पेटती मूठ धरायची. पाइप गरम झाला की आत सूं असा आवाज येतो. मग चूल पेटवा. वैलावर भांडं नसेल तर तो झाकून ठेवा, नाहीतर धूर तिथून बाहेर येतो. आणि पाइप महिन्याला झाडा, काजळी साचली की ओढ जाते.

तरी बऱ्याच घरांत सहा महिन्यांनी गेलो तर पाइप काढून कोपऱ्यात ठेवलेला. वरचे साहेब म्हणायचे, बायांना कळत नाही. मला ते पटलं नाही. भाकरी नुसत्या तव्यावर होत नाही. ती तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, उभी करतात, तेव्हा फुगते. आमच्या चुलीत जाळ मागं पाइपाकडं ओढला जायचा आणि तोंडाशी आरच राहायचा नाही. ज्वारी खाणाऱ्या घरात असली चूल कोण ठेवेल? पुढं पुढं मी तोंड चार बोटं रुंद ठेवायला लागलो आणि आर पुढं ओढून घ्यायला सांगायला लागलो. त्या चुली टिकल्या.

जालना

सगळ्यांचं कौतुक वाचलं. माझ्या आईनं चाळीस वर्षं बिनखिडकीच्या खोलीत पऱ्हाट्या जाळल्या. सरकीच्या पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि लगेच विझतात, म्हणून सारखं फुंकणी घेऊन वाकावं लागतं. आज तिला दोन जिने चढवत नाहीत, डॉक्टरांनी धुराचंच कारण सांगितलं. चूल हौसेनं घाला, पण उघड्यावर घाला. आणि रंगीत प्लायवूडचे तुकडे, प्लास्टिक पेटवणाला वापरू नका. एवढंच.

धाराशिव

जालन्याच्या ताई, खरं आहे तुमचं. आमची चूल वर्षातून एकदाच, येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात. म्हणजे दरवर्षी नवीच!

चार वर्षांमागं पोरांनी ओढ्यातले गुळगुळीत गोल दगड उचलून आणले, फोटोत छान दिसतात म्हणून. वर भज्जीचं, म्हणजे मिश्र भाजीचं, मोठं पातेलं, खाली तुराट्यांचा जाळ. पंधराव्या मिनिटाला बंदुकीसारखा आवाज झाला आणि एका दगडाची खपली उडून आंबिलाच्या मडक्याला लागली. मडकं गेलं. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. पाण्यातल्या दगडातही ओल असते, मातीसारखीच. आता बांधावरचेच वाळलेले दगड घेतो आणि आधी दहा मिनिटं नुसतेच तापवतो, लोकांना लांब बसवून. उंडे आणि भज्जी मग निवांत.

अंबाजोगाई

मीच, धागा सुरू केलेली. उत्तरं वाचून जुनी चूल फोडली. गावात एक वाडा पडलाय, मालकांना विचारून दोन घमेली माती आणली. औशाच्या ताईंची वळी पहिल्या दिवशी तीनदा मोडली, चौथ्यांदा वाकली. शेण सेलूकरांचं ऐकून जरा कमी घेतलं. तुडवताना शेजारच्या काकू येऊन उभ्या राहिल्या, "पाय असा नाय, टाचंनं" म्हणाल्या, आणि पाच मिनिटांत लुगडं खोचून स्वतःच आत उतरल्या. सासूबाईंची विद्या शेजारच्याच घरात होती. मी कधी विचारलंच नव्हतं.

अकरा दिवस सावलीत ठेवली. रोज पहाटे हात लावून बघत होते. नवव्या दिवशीपर्यंत गार लागत होती, दहाव्या दिवशी नाही. वाटीभर दूध उतू घातलं. चौथ्या दिवशी तुराट्या घातल्या तेव्हा तिला घाम आला, अगदी थेंब थेंब, आणि मी जाळ ओढून घेतला. उजव्या थानाखाली केसाएवढी एक भेग दिसली, ती पोतेऱ्यानं बुजवली.

आज सातवा दिवस. पहिली भाकरी एका अंगाला करपली, दुसरी फुगली. वैलावर डाळ ठेवलीय. बाभूळ उद्या.