मेजर्ड ड्रॉइंग अगदीच वाया नाही जात

आर्किटेक्चर कॉलेजची डिझाइनं ऑफिसात काडीच्या उपयोगाची नाहीत असं म्हणतात, ते म्युझियम, कल्चरल सेंटर वगैरेंपुरतं मान्य, पण मेजर्ड ड्रॉइंगला, म्हणजे उभी इमारत टेपने मोजून तिचे नकाशे काढण्याला, त्यात ओढू नका राव. गिरगावातली चाळ मोजताना सरांनी प्रत्येक खोलीचे कर्ण घ्यायला लावलेले, तेव्हा जाम वैताग यायचा, कारण जुन्या खोल्या काटकोनात नसतातच आणि नुसती लांबी-रुंदी घेतली तर ऑटोकॅडमध्ये (नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) चौकोन मिटतच नाही. पहिल्या नोकरीत लालबागच्या एका सेस बिल्डिंगचं (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या भाडेकरू इमारतीचं) ३३(७) चं, म्हणजे मुंबईच्या बांधकाम नियमावलीतल्या त्या कलमाखाली पुनर्विकासाचं काम आलं नि हेच उपयोगी पडलं. लोड बेअरिंग, म्हणजे इमारतीचं वजन पेलणाऱ्या भिंती वर जाताना बारीक होत जातात, म्हणजे तळमजल्याची खोली आणि तिच्याच डोक्यावरची तिसऱ्या मजल्याची खोली कार्पेटमध्ये (भिंती सोडून आतल्या क्षेत्रफळात) सारखी नसते, त्यामुळे एक मजला मोजून बाकीचे कॉपी-पेस्ट करायचे नाहीत. ३०० चौ. फुटांपेक्षा लहान खोलीला नव्या इमारतीत निदान तेवढं मिळतंच, पण त्याहून मोठी असेल तर सगळा हिशेब मोजलेल्या कार्पेटवर, त्यामुळे भाडेकरू काका लोक स्वतः टेपचं दुसरं टोक धरून उभे राहतात, वर पोटमाळा धरला का विचारतात तो भाग वेगळाच!